'द विझर्ड ऑफ ओझ'च्या पडद्यामागे : कोण भाजलं, कोण पडलं, कुणाला किती मिळालं

सांजवेळ

ऑक्टोबर १९३८ ते मार्च १९३९ एवढा काळ कॅलिफोर्नियातल्या कल्व्हर सिटीत, एम.जी.एम.च्या स्टुडिओत, 'द विझर्ड ऑफ ओझ'चं चित्रीकरण चाललं होतं. गोष्ट लहान मुलांची. कॅन्ससच्या शेतावर राहणारी डॉरथी वादळात सापडून ओझच्या दुनियेत पोचते आणि एक बुजगावणं, एक पत्र्याचा माणूस, एक भित्रा सिंह यांच्या सोबतीनं घरी परतायची वाट शोधते. आज आजी-आजोबा नातवंडांना मांडीवर घेऊन हा चित्रपट दाखवतात.

याच चित्रपटाबद्दल समाजमाध्यमांवर अधूनमधून 'शापित चित्रपट' अशी पोस्ट फिरत असते. त्या शब्दाचा मला मनापासून राग येतो. शाप म्हटलं की कुणाचाच दोष उरत नाही. इथे जे झालं त्यातलं बहुतेक कुणीतरी ठरवलेलं होतं. चेहऱ्याला काय फासायचं, आग कुठे लावायची, कुणाला किती पैसे द्यायचे, हे सगळं माणसांनीच ठरवलं. म्हणून हा धागा.

पहिला बळी बडी एब्सन. त्याला आधी बुजगावण्याची भूमिका मिळाली होती. रे बोल्जरला ती हवी होती, तेव्हा एब्सननं ती आनंदानं सोडली आणि पत्र्याचा माणूस व्हायला तयार झाला. चेहरा पत्र्यासारखा चकाकावा म्हणून त्याच्या तोंडाला पांढरा रंग लावून वरून ॲल्युमिनियमची बारीक भुकटी मारायचे. रोज. चित्रीकरण सुरू होऊन जेमतेम नऊ-दहा दिवस झाले आणि त्याच्या हातापायात पेटके यायला लागले, मग श्वासच घेता येईना. रुग्णालयात प्राणवायूवर ठेवावं लागलं. स्टुडिओनं काय करावं? त्याच्या जागी जॅक हेलीला घेतलं आणि भुकटीऐवजी ॲल्युमिनियमचा लेप वापरायला सुरुवात केली. कुठेही गाजावाजा नाही. त्या लेपानंही हेलीच्या डोळ्याला संसर्ग झालाच.

दुसरी मार्गारेट हॅमिल्टन, म्हणजे हिरव्या तोंडाची दुष्ट चेटकीण. ही बाई मूळची बालवाडीची शिक्षिका. नुकताच घटस्फोट झालेला, पदरात लहान मुलगा. तिच्या चेहऱ्याचा हिरवा रंग तांब्यापासून केलेला होता आणि तो पोटात जाणं धोक्याचं, म्हणून चित्रीकरणाच्या दिवशी ती स्ट्रॉनं पातळ पदार्थच पोटात ढकलायची.

२३ डिसेंबर १९३८. मंचकिनलँडमधून, म्हणजे ओझमधल्या बुटक्या मंचकिन लोकांच्या गावातून, चेटकीण लाल धुरात आणि ज्वाळेत नाहीशी होते तो प्रसंग. जमिनीत एक सरकतं झाकण होतं. धूर सुटला की तिनं त्यावर उभं राहायचं, लिफ्टनं खाली जायचं आणि ती पूर्ण खाली गेल्यावर वर ज्वाळा उडवायची. एक टेक नीट झाला होता. पुढच्या वेळी ज्वाळा आधीच उडाली. टोपी, झाडू पेटले, चेहरा आणि हात भाजले. त्याहून भयंकर पुढचं. तांब्याचा रंग भाजलेल्या कातडीवर ठेवून चालणार नव्हतं, म्हणून तो लगेच अल्कोहोलनं पुसून काढला. उघड्या जखमेवर अल्कोहोल!

कित्येक आठवड्यांनी ती कामावर परतली तेव्हा हात पूर्ण बरा नव्हता, त्यामुळे रंगाऐवजी हिरवे हातमोजे घालून तिनं काम केलं. एकच अट घातली, आता आगीशी संबंध असलेलं काही करणार नाही.

आणि मग तिसरी, जिचं नाव फारसं कुणी घेत नाही. चेटकीण झाडूवर बसून आकाशात धुरानं अक्षरं उमटवते, त्यासाठी धूर ओकणारी नळी लावलेल्या झाडूवर हॅमिल्टननं बसायचं होतं. तिनं साफ नकार दिला. मग तिची डबल, म्हणजे काही प्रसंगांत तिच्या जागी उभी राहणारी बेटी डँको, हिला बसवलं. ती नळी फुटली. डँको खाली फेकली गेली, पायाला मोठी जखम झाली आणि अकरा दिवस तिला रुग्णालयात काढावे लागले. नाही म्हणण्याची ताकद एकीकडे होती, दुसरीकडे नव्हती.

बाकीच्यांचं थोडक्यात सांगते. सिंह झालेल्या बर्ट लारच्या अंगावर खऱ्या सिंहाच्या कातड्याचा चाळीसेक किलोचा पोशाख होता, तो घामानं निथळायचा आणि रात्रभर वाळवावा लागायचा. बुजगावण्याच्या रबरी मुखवट्याच्या रेघा बोल्जरच्या चेहऱ्यावर पुढे बराच काळ राहिल्या. हेलीला त्या पत्र्याच्या पोशाखात बसताच येत नसे, तो फळीला टेकून विसावा घ्यायचा.

तुम्हाला यातलं जे माहीत असेल ते लिहा. ऐकीव भुताखेताच्या गोष्टी मात्र नकोत.

रसायनवेडा

उत्तम धागा. एब्सनबद्दल थोडी भर. ॲल्युमिनियमच्या भांड्यात आपण जेवण शिजवतो, मग तो विषारी कसा, असा प्रश्न पडू शकतो. फरक कणाच्या आकाराचा आहे. अतिबारीक भुकटी हवेत तरंगते, श्वासाबरोबर थेट फुप्फुसात खोलवर जाते आणि तिथे बसते. चेहऱ्यावर भुकटी मारताना नाक-तोंड तिथेच असतं. म्हणजे रोज सकाळी त्याला ती हुंगायलाच लावत होते. लेपात तोच धातू चिकट पदार्थात अडकलेला असतो, उडत नाही. इतका साधा बदल, आणि तो पहिल्या दिवशीही करता आला असता. चाचणी घ्यायला हवी असं कुणाला वाटलं नाही, कारण तपासायचा होता तो फक्त कॅमेऱ्यात दिसणारा रंग.

मोरपंखी

वाचताना अंगावर काटा आला. सांजवेळताई, एक विचारते. त्या जंगलातल्या प्रसंगात मागे झाडाला कुणीतरी गळफास घेतलेला दिसतो, तो मंचकिन झालेला एक कलाकार होता असं म्हणतात. माझ्या मुलाच्या वर्गात सगळ्यांनी तो व्हिडिओ पाहिलाय. तो खरा की खोटा?

सांजवेळ

मोरपंखी, पूर्ण खोटा. तो पक्षी आहे. जंगल जिवंत वाटावं म्हणून लॉस एंजेलिसच्या प्राणिसंग्रहालयातून मोठे पक्षी आणून सेटवर मोकळे सोडले होते. त्यातला एक मागे पंख पसरतो, तेवढंच. जुन्या व्हिडिओ कॅसेटच्या धूसर चित्रात ते काहीही भासायचं. साफसूफ केलेल्या नव्या आवृत्तीत पंख स्वच्छ दिसतात. शिवाय तो प्रसंग चित्रित झाला तेव्हा मंचकिनांचं काम सुरूही झालं नव्हतं. मुलाला नवी आवृत्ती दाखवा.

मला याचंच वाईट वाटतं. कधीच न झालेला एक मृत्यू सगळ्या जगाला ठाऊक आहे आणि बेटी डँकोचा पाय कुणाला ठाऊक नाही.

बॅकस्टेजवाला

गेली अनेक वर्षं नाटकाच्या प्रकाशयोजनेत आहे, म्हणून दोन गोष्टी लिहितो.

एक, हॅमिल्टनचा अपघात. रंगमंचावर जमिनीतलं सरकतं झाकण आणि आग एकत्र वापरायची असेल तर एक साधा नियम असतो: माणूस खाली सुखरूप पोचल्याची खूण वर मिळाल्याशिवाय आग सोडायची नाही. अंदाजानं नाही, मोजून नाही, खूण मिळाल्यावरच. ज्वाळा आधी उडाली याचा अर्थ ती ज्वाळा तिच्यावर अवलंबून नव्हती, घड्याळावर किंवा कुणाच्या हातावर होती. मी याला अपघात म्हणायला तयार नाही.

दोन, उष्णता. त्या काळचा टेक्निकलर, म्हणजे रंगीत चित्रपटांचा, कॅमेरा भिंगातून आलेला प्रकाश लोलकानं विभागून एकाच वेळी तीन फिल्मवर पाडायचा. प्रकाशाचे वाटे पडले की प्रत्येक फिल्मच्या वाट्याला फार थोडा उजेड येतो. त्यामुळे सेटवर प्रचंड आर्क दिवे लावावे लागत आणि तापमान ३८ अंश सेल्सिअसच्या वर जायचं. त्यात लारच्या अंगावर सिंहाचं कातडं! तोंडाला चिकटवलेले रबरी भाग निघू नयेत म्हणून जेवणही धड नाही. पडद्यावर तो सिंह इतका हसवतो की हे सगळं आपल्या लक्षातही येत नाही, आणि त्या नटाचं कौतुक मला त्यासाठीच जास्त वाटतं.

अवांतर : हेच टेक्निकलर तंत्र आपल्याकडे सोहराब मोदींनी 'झांशी की रानी'साठी आणलं, १९५३ साली. त्यासाठी अर्नेस्ट हॅलर हे हॉलिवूडचे छायाचित्रकार मुंबईला आले होते. मुंबईच्या उकाड्यात ते दिवे आणि चिलखतं घातलेले नट, याची कल्पना करून बघा.

नर्मदेकाठी

लेख आवडला, पण थोडा वेगळा सूर लावतो. १९३८ चा काळ वेगळा होता. तेव्हा आरोग्याची जाणीव कुठेच नव्हती. कारखान्यांत, खाणींत काय चाललं होतं ते आठवा. आजचे निकष त्या माणसांना लावणं बरोबर नाही. स्टुडिओत कुणी जबरदस्तीनं आणलं नव्हतं. आणि शेवटी जे तयार झालं ते अजरामर आहे. कष्टाशिवाय कलाकृती होत नाही.

कायदेशीर

नर्मदेकाठी, तुमचा मुद्दा समजला, पण तो इथे लागू होत नाही असं मला वाटतं. जाणीव होती. हॉलिवूडच्या नटांची संघटना १९३३ साली स्थापन झाली होती आणि १९३७ साली स्टुडिओंनी तिला मान्यताही दिली होती, म्हणजे हे चित्रीकरण सुरू होण्याआधी. अल्पवयीन कलाकारांसाठी कॅलिफोर्नियात कामाच्या तासांचं बंधन होतं. डॉरथी झालेली ज्यूडी गार्लंड तेव्हा १६ वर्षांची, त्यामुळे सेटवर तिचे तास मोजलेले आणि मध्ये शाळा सक्तीची. नियम कसा पाळायचा हे स्टुडिओला नीट ठाऊक होतं.

हॅमिल्टननं खटला का भरला नाही, याचं कारण तिनंच सांगितलं आहे: या धंद्याची रीत तिला माहीत होती, खटला भरला असता तर पुन्हा काम मिळालं नसतं. मुलाला एकटीनं वाढवणाऱ्या बाईचं हे गणित. याला आपखुशी म्हणायला माझं मन धजत नाही.

कष्टाबद्दल म्हणाल तर रोज पहाटे उठून रंगभूषेला बसणं, तेच गाणं पन्नास वेळा गाणं, नाचून पाय सुजणं, हे कष्ट. फुप्फुसात धातू जाणं हा कष्टाचा भाग नव्हे.

पैंजण

कायदेशीर, +१.

गार्लंडबद्दल कुणीतरी लिहायलाच हवं होतं. वाढत्या वयातली मुलगी, तिला लहान दाखवायचं म्हणून छाती घट्ट बांधून कॉर्सेटमध्ये कोंबलं. वजन वाढू नये म्हणून खाण्यावर पहारा, वाट्याला सूप. भूक मारायला आणि जागं ठेवायला गोळ्या, मग झोपायला वेगळ्या गोळ्या. हे तिनंच पुढे सांगितलं आहे. सेटवरचे तास मोजणारा कायदा होता, पण गोळ्या मोजणारं कुणी नव्हतं. १९६९ साली, वयाच्या ४७ व्या वर्षी लंडनमध्ये ती गेली, झोपेच्या गोळ्या जास्त झाल्यानं.

भाजलेला हात दिसतो, जखमी पाय दिसतो. या चित्रपटातली सगळ्यांत खोल इजा मला हीच वाटते.

आणि जे गाणं तिची आयुष्यभराची ओळख झालं, ते 'ओव्हर द रेनबो' एका पूर्वप्रदर्शनानंतर कापून टाकलं होतं! चित्रपट रेंगाळतो, असं वरच्या मंडळींचं म्हणणं. भांडून ते परत घालावं लागलं. त्यालाच ऑस्कर मिळालं.

टोरांटोकर

इथे ग्रंथालयात या चित्रपटावर बरंच वाचायला मिळतं, त्यातून मंचकिनांबद्दल लिहिते. सव्वाशेच्या आसपास कमी उंचीचे कलाकार होते. त्यातले बरेचसे लिओ सिंगर या व्यवस्थापकाच्या मार्फत आलेले. सर्वसाधारण मोबदला आठवड्याला ५० डॉलर. डॉरथीच्या कुत्र्याचं काम करणाऱ्या टेरी कुत्रीचे आठवड्याला १२५ डॉलर मिळायचे. गार्लंडला ५००. बोल्जर आणि हेली यांना ३०००.

श्रेयनामावलीत या सगळ्या कलाकारांना एकच ओळ आहे, सिंगर यांच्या चमूच्या नावानं. एकाचंही स्वतंत्र नाव नाही. त्यांचे संवाद आणि गाणी बहुतांशी दुसऱ्यांच्या आवाजात ध्वनिमुद्रित करून वेग वाढवून वापरली, म्हणजे आवाजही त्यांचा नाही. नंतर वर्षानुवर्षं त्यांच्याबद्दल दारूबाजीच्या आणि दंग्याच्या चटकदार गोष्टी सांगितल्या गेल्या. नाव नाही, आवाज नाही, वर बदनामी. नामवंतांच्या नावाचे तारे बसवलेल्या हॉलिवूडच्या पदपथावर मंचकिनांचा तारा बसला तो २००७ साली, तोवर त्यातले फार थोडे जिवंत होते.

टेरीलाही इजा झाली होती बरं का. एका सैनिकाचा पाय तिच्या पायावर पडला आणि ती बरी होईपर्यंत दुसऱ्या कुत्र्यावर भागवावं लागलं.

वावटळ

वादळाच्या प्रसंगाबद्दल कुणी लिहिलं नाही, तो तर माझा जीव की प्राण. संगणक नव्हता, मग ते चक्रीवादळ म्हणजे नेमकं आहे काय? विशेष दृश्यांचे प्रमुख आर्नल्ड गिलेस्पी यांनी आधी रबराचा शंकू करून पाहिला. तो वाकेचना, पैसे पाण्यात. मग विमानतळावर वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी असते ना, त्यावरून त्यांना सुचलं. मलमलीच्या कापडाची सुमारे ३५ फूट लांब नळी केली, वरचं टोक छताजवळच्या पुढे-मागे सरकणाऱ्या गाड्याला आणि खालचं टोक जमिनीतल्या वाकड्यातिकड्या खाचेत. दोन्ही टोकं वेगवेगळ्या दिशेनं सरकली की नळी पिळवटत जाते. आत आणि पायथ्याशी मुलतानी मातीची धूळ उडवायची. कापडाची वीण थोडी सैल, त्यामुळे धूळ बाहेर झिरपते आणि कडा धूसर दिसते. वर काळे-पिवळे ढग म्हणून गंधक आणि काजळीचा धूर.

आजही तो प्रसंग बघताना पोटात गोळा येतो. पण ती माती आणि तो गंधकाचा धूर श्वासात घेत वर मचाणावर काम करणारे कामगार होते, आणि त्यांना पुढे बराच काळ काळी-पिवळी थुंकी पडत होती. एब्सनचं नाव तरी आपल्याला माहीत आहे.

त्यामानानं रंग बदलणाऱ्या घोड्याची गोष्ट सौम्य. घोड्यांना रंग फासायला प्राणिमित्र संस्थेची हरकत होती, म्हणून जेलीची पावडर लावली. घोडे ती चाटून टाकायचे, त्यामुळे घाईघाईत चित्रीकरण उरकावं लागायचं. घोड्यांच्या बाजूनं बोलणारी संस्था होती याचं बरं वाटलं, आणि मग डँकोची आठवण झाली.

पटकथाप्रेमी

दिग्दर्शकांची गंमत राहिली. रिचर्ड थॉर्पनं सुरुवात केली, दोनेक आठवड्यांत त्याला काढलं, त्याचं चित्रीकरण टाकून दिलं. मग जॉर्ज क्यूकर थोडे दिवस आला. त्यानं एकही प्रसंग चित्रित केला नाही, पण गार्लंडचा सोनेरी केसांचा टोप आणि बाहुलीसारखी रंगभूषा काढून टाकून तिला साध्या मुलीसारखं राहायला सांगितलं. माझ्या मते चित्रपट तिथेच वाचला. मग व्हिक्टर फ्लेमिंग, ज्यानं मुख्य काम केलं. त्याला 'गॉन विथ द विंड'साठी उचललं आणि कॅन्ससचे प्रसंग, 'ओव्हर द रेनबो'सकट, किंग व्हिडॉरनं पुरे केले.

आणि 'जिटरबग' नावाचं एक संपूर्ण नृत्यगीत होतं. पाच आठवडे, ८० हजार डॉलर. त्या जड पोशाखांत सगळे नाचले आणि अंतिम चित्रपटात ते गाणं नाहीच.

नर्मदेकाठी

सगळे प्रतिसाद वाचले. डँको आणि मचाणावरच्या कामगारांच्या बाबतीत कायदेशीर यांचं म्हणणं पटतं. फक्त एक सांगतो, स्टुडिओनं यात खोऱ्यानं पैसा ओढला असा समज होऊ नये. खर्च जवळजवळ २८ लाख डॉलर, आणि पहिल्या प्रदर्शनात स्टुडिओला तोटाच झाला. नफा दिसला तो १९४९ मध्ये पुन्हा प्रदर्शित केल्यावर. घराघरांत पोचला तो तर १९५६ पासून, दूरचित्रवाणीमुळे.

टोरांटोकर

बरोबर आहे, पण तोटा सोसला कुणी आणि नंतरचा नफा खाल्ला कुणी? चित्रपटातल्या डॉरथीच्या लाल पादत्राणांचा एक जोड मिनेसोटातल्या संग्रहालयातून २००५ साली चोरीला गेला होता, २०१८ मध्ये सापडला आणि डिसेंबर २०२४ मध्ये लिलावात ३ कोटी २५ लाख डॉलरना गेला. आठवड्याला ५० डॉलर घेणाऱ्या त्या कलाकारांच्या वारसांना यातलं काहीच मिळत नाही.

मोरपंखी

मुलाला नवी आवृत्ती दाखवली. पक्षीच आहे, पंख उघडताना स्पष्ट दिसला. आता त्याला हॅमिल्टनबद्दल विचारायचंय, ती पुढे बरी झाली का? आणि एब्सन?

सांजवेळ

हो, दोघंही बरे झाले आणि दोघांनीही पुढे भरपूर काम केलं. हॅमिल्टनला लहान मुलं घाबरायची याचं फार वाईट वाटायचं. १९७५ साली ती फ्रेड रॉजर्सच्या मुलांच्या कार्यक्रमात गेली आणि तिथे चेटकिणीचा पोशाख एकेक करून अंगावर चढवून दाखवला, म्हणजे मुलांना कळावं की आत एक साधी बाई आहे. मुलाला तो भाग शोधून दाखवा.

एब्सन दूरचित्रवाणीवर खूप गाजला आणि ९५ वर्षं जगला. आणि एक गोष्ट मुलाला नक्की सांगा. एब्सनचा चेहरा चित्रपटात कुठेच नाही, पण आवाज आहे. चौघं हातात हात घालून विझर्डकडे, म्हणजे ओझच्या जादूगाराकडे, निघतात ते समूहगीत त्याच्या आवाजात आधीच ध्वनिमुद्रित झालं होतं आणि ते पुन्हा केलं नाही. जॅक हेली बॉस्टनचा, तिकडचे लोक 'विझर्ड'मधला 'र' गिळतात. गाण्यात एक आवाज तो 'र' ठसठशीत उच्चारतो. तो एब्सन.